पट्टा बदलताना

'पट्टा' हा शब्द आमच्या घरात फार जुना आहे. माझे वडील अकोल्यातील एका जिनिंग-प्रेसिंग फॅक्टरीत तीस वर्षे फिटर होते. कापसाच्या हंगामात रात्री उशिरा ते घरी येत, तेव्हा त्यांच्या केसांत आणि भुवयांवर रुईचे तंतू चिकटलेले असत आणि जेवताना आईला ते दिवसभराची हकीकत सांगत. त्या हकीकतीत माणसांपेक्षा पट्टेच अधिक असत. आज चार नंबरचा पट्टा उतरला, आज सात नंबरचा फाटला, आज राळ संपली. त्यामुळे लहानपणी मला पट्टा हा कुणीतरी जिवंत आणि तापट प्राणी असावा असे वाटे.

यंदा अंकासाठी लेख मागितला गेला तेव्हा मी संपादक-प्राध्यापकांना विचारले, "सर, मोटारीचा पट्टा घरी कसा बदलला यावर लिहिले तर चालेल का?" सर हसले. कला शाखेच्या अंकात पाने आणि बोल्ट कशाला, असा तो हसण्याचा अर्थ असावा. पण त्यांनी नाही म्हटले नाही. मी मराठी वाङ्मयाची विद्यार्थिनी आहे, यंत्रशास्त्राची नाही. तेव्हा जाणकारांनी चुका पदरात घ्याव्यात. मी स्वतःच्या हातांनी जे केले आणि वडिलांच्या तोंडून जे ऐकले तेवढेच येथे लिहीत आहे.

प्रथम जिनिंगमधला पट्टा काय असतो ते सांगते, कारण मोटारीचा पट्टा मला त्याच्याच आधाराने समजला. जुन्या जिनांत एक मोठे इंजिन किंवा मोटर असे. ते एक लांबच लांब शाफ्ट फिरवी आणि त्या शाफ्टवरून प्रत्येक जिनाला एकेक रुंद, चपटा पट्टा गेलेला असे. या पट्ट्याला दाते नसत. चाकाला तो केवळ घासून धरी. जिनात जास्त कापूस कोंबला गेला, रोलर अडला, की पट्टा चाकावर घसरे, क्वचित उतरून खाली पडे. फिटरने यावे, पट्ट्याला राळ लावावी, पुन्हा चढवावा, काम सुरू. बाबा म्हणत, "घसरते म्हणून तं बरं हाय. नाही घसरला तं जिन मोडंल." म्हणजे घसरणे हा त्या पट्ट्याचा दोष होता तसाच तो त्याचा गुणही होता. २००० साली केंद्र सरकारचे कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू झाले आणि त्यानंतर बऱ्याच जिनांनी नवी यंत्रे बसवली. बाबांची लांब शाफ्टही पुढे भंगारात गेली.

मोटारीतला पट्टा नेमका याच्या उलट. त्याने एकदाही, एक दाताही घसरता कामा नये.

आमची गाडी मारुती ८००, १९९७ सालची. ही गाडी १९८३ च्या डिसेंबरात पहिल्यांदा रस्त्यावर आली आणि २०१४ च्या आरंभी तिचे उत्पादन थांबले. मधल्या तीस वर्षांत आपल्याकडच्या किती मास्तरांनी, कारकुनांनी आणि फिटरांनी आयुष्यातली पहिली गाडी म्हणून तिलाच घरी आणले असेल! बाबांनी ती २००६ साली जुनीच घेतली. २०१३ मध्ये त्यांनी स्वतः, आमच्याच अंगणात, तिचा टायमिंग बेल्ट बदलला. मी तेव्हा चौथीत होते. पाने हातात देणे आणि खाली पडलेले नट शोधणे हे माझे काम होते.

त्यानंतर अकरा वर्षे गेली. गाडी या काळात फार चालली नाही, जेमतेम सत्तावीस हजार किलोमीटर. त्यामुळे पट्ट्याचा विषय निघाला की बाबा म्हणत, "अजून लय हाय." खरे कारण वेगळे होते. तीन वर्षांपूर्वी त्यांना कंपवात जडला. उजवा हात बसल्या जागी थरथरतो, चमच्यातली भाजी सांडते. आयुष्यभर ज्या हातांनी बोल्ट पिळले त्या हातांना आता शर्टाची बटणे लावता येत नाहीत. औषधासाठी दर महिन्याला त्यांना अमरावतीच्या डॉक्टरांकडे आणावे लागते आणि गाडी मी चालवते. अकोला ते अमरावती सुमारे शंभर किलोमीटर. पूर्वी या रस्त्यावर खड्डे चुकवत जावे लागे. २०२२ च्या जूनमध्ये याच रस्त्यावर ७५ किलोमीटरची डांबरी मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत सलग अंथरून गिनेस बुकात विक्रम नोंदवला गेला. आता गाडी पळते. पण गाडी पळते म्हणजे इंजिनही तासभर वेगाने फिरत राहते, आणि बॉनेटखाली अकरा वर्षांचे रबर.

त्यातच आमच्या शेजारच्या काकांची डिझेल गाडी मूर्तिजापूरच्या अलीकडे बंद पडली. आवाज नाही, धूर नाही, धक्का नाही. चालत्या गाडीचे इंजिन एकदम गप्प झाले. पट्टा तुटला होता. इंजिन उघडले तेव्हा आतले व्हॉल्व्ह वाकलेले निघाले. खर्चाचा आकडा ऐकून काकांनी गाडी जिथे नेली होती तिथेच विकून टाकली आणि ते बसने घरी आले. त्या रात्री बाबा बराच वेळ ओट्यावर बसून होते. सकाळी मला म्हणाले, "पट्टा बदलाव लागते. तू बदलशीन. मी सांगतो."

मिस्त्रीकडे का नेली नाही, असे कुणी विचारील. नेली होती. त्याने बॉनेट उघडून पाहिले आणि म्हणाला, "सायेब, येवढ्या जुन्या गाडीले कोन पैसे लावते? चालते तवर चालवा." माणूस भला, पण त्याचे उत्तर आम्हाला परवडणारे नव्हते. चालते तोवर चालवायची आणि मग कुरणखेडच्या पुलावर रात्री आठ वाजता बाबांना घेऊन उभे राहायचे?

आता हा पट्टा करतो काय ते सांगितले पाहिजे. इंजिनच्या प्रत्येक नळकांड्यात एक पिस्टन वरखाली होतो. आमच्या गाडीत अशी तीन नळकांडी आहेत. त्यांच्या माथ्यावर व्हॉल्व्ह म्हणजे झडपा असतात. एक झडप पेट्रोल-हवेचे मिश्रण आत घेते, दुसरी जळलेला धूर बाहेर सोडते. पिस्टनचे चार टप्पे असतात: ओढणे, दाबणे, जळणे, बाहेर टाकणे. या चार टप्प्यांत खालचा क्रँकशाफ्ट दोन फेरे घेतो आणि झडपा उघडणारा वरचा कॅमशाफ्ट एकच. खालच्याचे दोन तेव्हा वरच्याचा एक, हा हिशेब गाडी चालू असेपर्यंत मोडता कामा नये. तो हिशेब राखणारा तो हा पट्टा. खालच्या दातेरी चाकाला जितके दाते, त्याच्या बरोबर दुप्पट वरच्याला. आणि पट्ट्याच्या आतल्या अंगाला त्या दात्यांत बसणारे दाते. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर प्रत्येक झडप एका सेकंदात पंचवीस वेळा उघडते आणि मिटते. प्रत्येक वेळी पिस्टन वर येण्याच्या आत तिने वाटेतून बाजूला झालेले असावे लागते.

काही इंजिनांत झडप पूर्ण उघडी असली तरी तिच्यात आणि पिस्टनमध्ये अंतर उरते. तेथे पट्टा तुटला तर गाडी फक्त बंद पडते. पुष्कळ इंजिनांत मात्र दोघांची वाट एकच असते, फक्त वेळा वेगळ्या. तेथे पट्टा तुटला की कॅम जागच्या जागी थांबतो, काही झडपा उघड्याच राहतात आणि वेगात असलेला पिस्टन खालून येऊन त्यांच्यावर आदळतो. शेजारच्या काकांचे तेच झाले. बाबांचा नियम असा की आपले इंजिन कोणत्या जातीचे ते पट्टा तुटल्यावर शोधण्यापेक्षा आधीच त्याला धोक्याचे समजून चालावे.

मला हे सगळे प्रथम उमगले ते आईच्या शिलाई मशीनवरून. पायडलपासून वरच्या चाकापर्यंत जी गोल चामडी वादी जाते ती सैल झाली तर मशीन हळू चालते, एवढेच. पण वरची सुई आणि खालचे शटल यांची वेळ चुकली तर टाका पडत नाही, दोरा तुटतो, कधी सुईही मोडते. घरच्या काळ्या मशीनमध्ये ही वेळ लोखंडी दांड्या सांभाळतात. आणि गंमत अशी की दातेरी पट्ट्याचा जन्मच मुळी शिलाई मशीनसाठी झाला. १९४० च्या दशकात अमेरिकेत सिंगर कंपनीच्या मशीनमध्ये सुई आणि खालची यंत्रणा एका वेळेत राहावी म्हणून असा पट्टा प्रथम तयार करण्यात आला. मोटारीत तो यायला १९६२ साल उजाडले. जर्मनीतील ग्लास नावाच्या छोट्या कंपनीच्या '१००४' या गाडीत कॅमशाफ्टसाठी तो वापरला गेला. १९६६ पासून फियाटने आपल्या काही इंजिनांत तो घेतला आणि मग सर्वत्र पसरला. आपल्याकडच्या अॅम्बॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी या जुन्या गाड्यांच्या पेट्रोल इंजिनांत मात्र पट्टा नव्हता, लोखंडी साखळी होती.

साखळी आणि पट्टा यांतला भेद बाबांनी एका वाक्यात सांगितला. "साखळी वरडते, पट्टा मुका असते." साखळी झिजली की ढिली होते, खडखड करू लागते. मालक कितीही आळशी असला तरी त्या आवाजाने कंटाळून गाडी दुरुस्तीला नेतो. पट्टा आवाज करीत नाही. त्याला तेल लागत नाही, तो हलका आणि स्वस्त असतो, हे त्याचे गुण. पण म्हातारा झाला तरी तो तक्रार करीत नाही. रबर उष्णतेने कडक होते, दात्यांच्या मुळाशी बारीक भेगा पडतात, आतला काचतंतूंचा दोर थकतो, आणि हे सारे झाकणाआड. आपल्या वऱ्हाडात तर उष्णतेची वाण नाही. २६ मे २०२० रोजी अकोल्याचा पारा ४७.४ अंशांवर गेला होता. बॉनेटखाली काय असेल याचा विचारच केलेला बरा. म्हणून पट्टा किलोमीटरवर मोजावा तसा वर्षांवरही मोजावा लागतो. गाडीगाडीप्रमाणे साठ हजार ते एक लाख किलोमीटर असा आकडा पुस्तिकेत दिलेला असतो. गाडी उभी राहिली म्हणून रबराचे वय थांबत नाही.

नोव्हेंबर २०२४, दिवाळीची सुटी. सुटे भाग विकणाऱ्याकडून पट्टा आणला, त्याचबरोबर टेन्शनरही. टेन्शनर म्हणजे पट्ट्याला बाजूने दाबून ताणात ठेवणारे छोटे फिरते चाक. पट्टा नवा आणि हे चाक जुने ठेवणे म्हणजे नव्या धोतराला जुनी किनार. ते चाक अडकले तर नवा पट्टाही जातो. नकली माल पुष्कळ येतो, म्हणून बाबांनी दुकानातच पट्टा हातात घेतला, जुन्या क्रमांकाशी नंबर ताडून पाहिला, वास घेतला. पट्टा कधी दुमडू नये, मुडपू नये. आतला दोर मोडतो आणि बाहेरून दिसत नाही. दुकानदार तो घडी घालून पिशवीत टाकणार, तोच बाबा ओरडले. मी तो गोलच हातात धरून घरी आणला, पूजेच्या हारासारखा.

सकाळी सात वाजता सुरुवात केली. गाडी सपाट फरशीवर घेतली, हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना दोन्हीकडून विटा लावल्या. चाकाला वीट लावणे ठीक, पण गाडी कधीही विटांवर टेकवू नये. भाजकी वीट ओझ्याने न सांगता फुटते. पुढची बाजू जॅकने उचलून खाली लोखंडी स्टँड दिला आणि मगच चाक काढले. बॅटरीची ऋण तार सर्वांत आधी सोडली. चावीला चुकून कुणाचा हात लागला तरी इंजिन फिरू नये म्हणून. नंतर तिन्ही स्पार्क प्लग काढले. याचे कारण मला दुपारी कळले.

अल्टरनेटर सैल करून फॅन बेल्ट उतरवला, पाण्याच्या पंपाची पुली काढली. मग आली क्रँकची पुली आणि तेथे आम्ही तासभर अडलो. बोल्ट पिळावा तर बोल्टाबरोबर सगळे इंजिनच फिरे. बाबा म्हणाले, "थांब, मी बसतो." गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकली आणि ते आत बसून ब्रेक दाबून राहिले. हात थरथरत होता, पण पाय भक्कम. मी लांब दांड्याचा पाना लावून अंगाचे सारे वजन टाकले आणि बोल्ट 'टक्' आवाज करून सुटला. हा आवाज ज्याने ऐकला असेल त्यालाच त्यातले सुख कळेल. आई स्वयंपाकघरातून धावत आली, काही मोडले असे समजून.

झाकण काढले आणि पट्टा दिसला. दिसायला चांगला, काळाभोर. बाबा म्हणाले, "उलटा करून पाय." बोटाने थोडा वाकवून दात्यांकडून पाहिले तो प्रत्येक दात्याच्या मुळाशी केसासारखी भेग. आम्ही दोघेही काही बोललो नाही. गेल्याच महिन्यात त्या पट्ट्यावर आम्ही अमरावतीला जाऊन आलो होतो.

यापुढचा भाग सर्वांत महत्त्वाचा, म्हणून सावकाश लिहिते. जुना पट्टा उतरवण्यापूर्वी इंजिन त्याच्या ठरलेल्या जागी आणावे लागते. कॅमच्या चाकावर एक खूण असते, तिच्यासमोर मागच्या आवरणावर एक खाच. खाली क्रँकच्या दातेरी चाकावर एक ठिपका, त्याच्यासमोर इंजिनच्या अंगावर बाण. गाडी न्यूट्रलमध्ये घेऊन, क्रँकच्या मधल्या बोल्टाला पाना लावून, इंजिन ज्या दिशेने चालते त्याच दिशेने हाताने फिरवायचे. आमच्या गाडीत ती दिशा पुलीकडून पाहिल्यास घड्याळाच्या काट्याची. वरची आणि खालची, दोन्ही खुणा एकाच वेळी जुळल्या की थांबायचे. केवळ खालची जुळून चालत नाही, कारण क्रँक दोन फेरे घेतो तेव्हा कॅमचा एक होतो. खालची खूण दोनदा येते, वरची एकदाच. खुणा तेलाने माखलेल्या होत्या. त्या पुसून मी त्यांवर माझ्या नेलपॉलिशचा पांढरा ठिपका दिला. बाबांना ही युक्ती आवडली. जिनात ते खडू वापरीत.

त्यानंतर टेन्शनर ढिला करून पट्टा उतरवला. या क्षणापासून नवा पट्टा बसेपर्यंत दोन्ही चाकांतले कोणतेही हलवायचे नाही. त्यांना जोडणारे आता काही नाही, प्रत्येक चाक आपापल्या मनाचे. जुना टेन्शनर हातात धरून फिरवला तर आत वाळू असावी तसा खरखरला. क्रँकच्या मागे तेलाच्या सीलपाशी ओल आहे का पाहिले, कारण रबराला तेल म्हणजे विष. जिनातल्या पट्ट्याला राळ लागे, या पट्ट्याला काहीही लावायचे नाही. पुसायचे ते कोरड्या फडक्याने.

नवा पट्टा चढवताना त्याच्यावर छापलेले बाण इंजिनाच्या दिशेला ठेवले. आधी खालच्या चाकावर, मग टेन्शनर नसलेल्या बाजूने तो ताठ वर नेऊन कॅमच्या चाकावर, आणि सगळी ढील टेन्शनरच्या बाजूला. मी हे ऐकले होते, समजलेही होते. तरी पट्टा नवा, कडक. शेवटचे दोन बोटे रुंद अंतर चढेना. मी रेटला, तो बसला. खुणा पाहिल्या, जुळलेल्या दिसल्या. टेन्शनरच्या स्प्रिंगने पट्टा ताणला. मी घामाघूम झाले होते आणि दुपारचे दोन वाजले होते. मला वाटले, झाले. प्लग लावावेत, तार जोडावी आणि चावी फिरवावी.

"चावीले हात लावायचा नाही," बाबा म्हणाले. "आधी हातानं दोन फेरे."

मी थोडी चिडलेच. खुणा तर जुळल्या आहेत. पण पाना लावला. आता प्लग का काढायला लावले होते ते समजले. प्लग असते तर नळकांड्यात हवा दाबली जाऊन पाना जड लागला असता आणि तो जडपणा हवेचा की लोखंडाचा हे हाताला कळले नसते. प्लग नसल्यामुळे हवा भोकांतून निघून जाते. मग पाना कुठे टणक अडला तर ते लोखंडच, झडप आणि पिस्टन एकमेकांना भेटले. तेथे जोर करायचा नाही, तिथल्या तिथे थांबायचे. हाताने फिरवताना झालेली भेट नुसती भेट असते. चावीने झाली तर ती धडक.

पाना कुठे अडला नाही. एक फेरा, दुसरा फेरा. खालचा ठिपका बाणासमोर आणला. वरची खूण खाचेच्या एक दाता मागे होती.

मी दोनदा पाहिले. बाबांना बाहेर काढून दाखवले. ते वाकून बराच वेळ पाहत राहिले, मग म्हणाले, "हो. एक दाता." त्यांच्या आवाजात राग नव्हता. झाले असे होते की रेटताना ताठ बाजूला थोडी ढील राहून गेली होती. फेरे दिल्यावर स्प्रिंगने ती आपल्याकडे ओढून घेतली आणि कॅम मागे पडला. स्थिर असताना खुणा खोटे बोलत होत्या. फिरवल्यावर खरे बाहेर आले. एक दाता म्हणजे केवढा फरक? समजा वरच्या चाकाला चाळीस दाते आहेत. मग एक दाता म्हणजे कॅमचे नऊ अंश आणि क्रँकचे अठरा. गाडी कदाचित चालूही झाली असती, पण रडतखडत, पेट्रोल पीत, चढावर दम टाकीत. मग दोष आम्ही कार्ब्युरेटरला दिला असता, प्लगांना दिला असता, अकोल्याच्या पेट्रोलला दिला असता. पट्टा नवाच आहे म्हणून त्याच्याकडे कुणी पाहिले नसते.

पुन्हा सारे उतरवले. या वेळी बाबांनी डावा हात, जो कमी थरथरतो तो, कॅमच्या चाकावर ठेवला. हात थरथरत होता, चाक मात्र त्यांनी हलू दिले नाही. मी पट्टा ताठ बाजूने खेचून धरत दात्यामागून दाता बसवला. टेन्शनर सोडला, दोन फेरे दिले, मग त्याचे बोल्ट घट्ट केले. किती घट्ट, याचे आकडे पुस्तिकेत असतात आणि ते टॉर्क पान्यानेच पाळावेत. 'चांगला घट्ट' हे माप नव्हे. पुन्हा दोन फेरे. खुणा जुळल्या. बाबा म्हणाले, "अजून दोन." तेही दिले. जुळल्या.

झाकण, पुल्या, फॅन बेल्ट, प्लग, चाक हे सगळे आल्या वाटेने परत गेले, त्यात सांगण्यासारखे काही नाही. एक बोल्ट उरला. तो बोल्ट कुठला, याचा शोध घेण्यात पाऊण तास गेला. अखेर तो २०१३ चा, तेव्हा मला न सापडलेला, गाडीच्याच पोटात कुठेतरी अडकून राहिलेला, असा निवाडा आईने दिला. आम्ही तो मान्य केला. पण त्याआधी बाबांनी प्रत्येक भोक बोटाने चाचपून पाहिले.

तार जोडली तेव्हा दिवेलागण झाली होती. चावी फिरवायला बाबांनी मलाच सांगितले. ते बॉनेटवर तळहात ठेवून उभे राहिले. आवाजापेक्षा हाताला आधी कळते, असे ते नेहमी म्हणतात. इंजिन पहिल्याच झटक्याला लागले. मी आतून पाहत होते. त्यांचा तळहात बॉनेटवर होता. इंजिन एकसारखे, मंद थरथरत होते आणि हात त्यावर शांत होता. पाच मिनिटे तसेच उभे राहून त्यांनी मान हलवली आणि मी चावी बंद केली.

जुना पट्टा त्यांनी टाकू दिला नाही. तो ओट्याच्या खिळ्याला टांगला आहे. कुणी आले की उलटा करून भेगा दाखवतात. पुढच्या गुरुवारी आम्ही अमरावतीला निघालो. बोरगाव मंजू, कुरणखेड, मूर्तिजापूर, बडनेरा. मूर्तिजापूरला चहासाठी थांबलो तेव्हा बाबांनी बॉनेट उघडायला लावले, वाकून कान दिला आणि "चाल" म्हणाले.

बॉनेटच्या आतल्या अंगाला एक जुना कागद चिकटवलेला आहे. त्यावर बाबांच्या ठाशीव अक्षरात '२०१३ – ६१,२०० कि.मी. – पट्टा' असे लिहिलेले आहे. निघण्यापूर्वी त्यांनी मला पेन दिले. मी त्याखाली लिहिले: 'नोव्हेंबर २०२४ – ८८,४०० कि.मी. – पट्टा, टेन्शनर.' त्यांनी चष्मा लावून ते वाचले आणि म्हणाले, "पुढची तारीख पण टाकून ठेव."